वाळवंट व घळींचे छायाचित्रण : तंत्र, प्रकाश आणि पुराव्याचे मूल्य
(अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील भूदृश्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात युटा, ॲरिझोना, कोलोरॅडो व न्यू मेक्सिको ही चार राज्ये एका बिंदूपाशी मिळतात. त्याभोवती पसरलेल्या कोलोरॅडो पठारावर उघडे वालुकाश्म, वाळूचे पट्टे आणि नद्यांनी खोल कापलेल्या घळी एकाच प्रदेशात पाहावयास मिळतात. पठाराच्या आसपास डेथ व्हॅली व व्हाइट सँड्ससारखी वाळवंटे आहेत. विरळ वनस्पती, कोरडी हवा आणि प्रखर ऊन यांमुळे येथील भूरचना पुस्तकाच्या उघड्या पानासारखी वाचता येते. म्हणूनच १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून येथे आलेल्या सरकारी सर्वेक्षण-तुकड्यांनी भूगर्भशास्त्रज्ञ व नकाशाकारांच्या बरोबरीने छायाचित्रकारही सोबत नेले.

या प्रदेशाची छायाचित्रे आज पर्यटन, भूगोल, पर्यावरण-अभ्यास व कला या सर्व क्षेत्रांत वापरली जातात. परंतु वाळवंटातील प्रकाश इतका टोकाचा असतो की, कोणताही कॅमेरा तो जसाच्या तसा टिपू शकत नाही. छायाचित्रकाराला काही राखावे लागते व काही सोडावे लागते. ही निवड ज्या साधनांनी केली जाते, त्यांनाच आपण तंत्र म्हणतो. वाळवंट व घळींच्या छायाचित्रणातील प्रमुख तंत्रांमागील कार्यकारणभाव स्पष्ट करणे आणि त्या तंत्रांमुळे छायाचित्राच्या पुरावामूल्यावर काय परिणाम होतो हे दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. प्रकाशाची व्याप्ती आणि माध्यमाची क्षमता

उन्हात तळपणारा कडा आणि त्याच्या पायथ्याची सावली यांच्या तेजस्वितेतील अंतर छायाचित्रणात 'स्टॉप' या एककात मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. रंगीत स्लाइड फिल्मला साधारणपणे पाच ते सहा स्टॉपचे अंतर पेलता येत असे. निगेटिव्ह फिल्मला त्याहून बरेच अधिक पेलते. आजचे चांगले डिजिटल संवेदक कमी आयएसओवर तेरा-चौदा स्टॉपपर्यंत पोहोचतात. तरीही आकाश, उन्हातील माथा आणि घळीचा काळोखा तळ एकाच चौकटीत घेतल्यास ही मर्यादाही अनेकदा अपुरी पडते.

माध्यमाची मर्यादा केवळ तेजस्वितेपुरती नसते, ती रंगाचीही असते. १८६७ मध्ये टिमथी ओसलिव्हन यांनी नेवाडातील कार्सन वाळवंटात वाळूच्या टेकड्यांचे जे प्रसिद्ध छायाचित्र घेतले, ते ओल्या कलोडियनच्या काचपट्टीवर होते. ही काच कॅमेऱ्यात घालण्याच्या थोडे आधी रसायनात बुडवावी लागे आणि थर वाळण्यापूर्वीच तिच्यावरील प्रतिमा विकसित करावी लागे. त्यासाठी फिरती अंधारखोली सोबत बाळगणे अपरिहार्य होते. त्या छायाचित्रात ती अंधारखोली, म्हणजे खेचरे जुंपलेली गाडी, आणि तिच्यापासून कॅमेऱ्याकडे आलेल्या पाउलखुणाही दिसतात. कलोडियनचा थर निळ्या, जांभळ्या व अतिनील किरणांनाच संवेदनशील असल्याने निळे आकाश कोरे पांढरे उमटे, तर तांबडा खडक प्रत्यक्षापेक्षा गडद दिसे. एकोणिसाव्या शतकातील या चित्रांतील रिकामे आकाश हा हवामानाचा पुरावा नसून रसायनाचा परिणाम होय.

विसाव्या शतकात सर्व रंगांना संवेदनशील असलेल्या पॅनक्रोमॅटिक पट्ट्या आल्या आणि चित्र उलटले. भिंगासमोर लाल फिल्टर लावला की तांबडा खडक उजळ व निळे आकाश जवळजवळ काळे होते. १९४१ मध्ये अमेरिकेच्या गृहखात्याने, म्हणजे तेथील सार्वजनिक जमिनी व राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या खात्याने, ॲन्सेल ॲडम्स यांच्याकडे राष्ट्रीय उद्यानांच्या चित्रणाचे काम सोपविले. त्यांच्या कृष्णधवल चित्रांमुळे नैर्ऋत्येकडील भूदृश्याचे गडद आकाशाचे रूप लोकमानसात रुजले. एकाच खडकाची व एकाच आकाशाची ही दोन परस्परविरोधी रूपे आहेत. त्यांतील कोणतेही खोटे नाही, पण माध्यम व फिल्टर ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही रूपावरून खडकाच्या किंवा आकाशाच्या खऱ्या छटेविषयी अनुमान काढता येत नाही.

२. एक्स्पोजर : मापकाचा अंदाज व छायाचित्रकाराचा निर्णय

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे असे गृहीत धरतो. वाळवंटात हे गृहीतक ठिकठिकाणी मोडते. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील वाळू जिप्समची असून पांढरीशुभ्र आहे. मापकाच्या भरवशावर घेतलेल्या चित्रात ती मळकट करडी दिसते. ती पांढरी दिसावी म्हणून एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. सह्याद्रीतील काळ्या बेसॉल्टचे कडे टिपताना नेमकी उलट चूक होते. तेथे मापक खडकाला नको इतका उजळ करतो.

ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास मांडलेली 'झोन पद्धती' या अडचणीवरचे पद्धतशीर उत्तर आहे. संपूर्ण काळ्यापासून संपूर्ण पांढऱ्यापर्यंतच्या छटा या पद्धतीत शून्य ते दहा अशा अकरा विभागांत मांडल्या जातात. पाचवा विभाग मध्यम करडा. छायाचित्रकार दृश्यातील एखादा महत्त्वाचा भाग स्वतंत्रपणे मोजतो आणि तो छापील चित्रात कोणत्या विभागात असावा हे आधी ठरवितो. निगेटिव्ह फिल्मसाठी नियम असा की, एक्स्पोजर सावलीवर ठरवावे आणि उजेडाचा भाग विकसनाच्या वेळेने आटोक्यात आणावा. स्लाइड फिल्म व डिजिटल संवेदक यांत मात्र प्रथम उजेडाचा भाग सांभाळावा लागतो, कारण तेथील तपशील एकदा जळाला की तो परत मिळत नाही. त्यामुळे डिजिटल कॅमेऱ्यात पडद्यावरील चित्रापेक्षा हिस्टोग्रामच्या उजव्या कडेवर लक्ष ठेवणे अधिक विश्वसनीय ठरते. भर उन्हात पडदा नीट दिसत नाही, हेही त्याचे एक कारण आहे.

अंतर फारच मोठे असेल तर दोन उपाय उरतात. क्षितिज सरळ असेल तेथे वरून गडद व खाली पारदर्शक असा श्रेणीबद्ध फिल्टर आकाशाला आवर घालतो. घळीच्या वेड्यावाकड्या कडेवर मात्र त्याची रेषा उघडी पडते. तेथे तिपाईवरून वेगवेगळ्या एक्स्पोजरची अनेक चित्रे घेऊन ती नंतर एकत्र केली जातात. अशा जोडचित्रात सावली व ऊन यांतील तफावत प्रत्यक्षापेक्षा सौम्य होते, हे वाचकाला सांगणे आवश्यक ठरते.

३. वाळूचे आकार आणि तिरपा प्रकाश

वाळवंटात पहाटे व सायंकाळी छायाचित्रे घ्यावीत, हा सल्ला सर्वश्रुत आहे. त्याचे कारण सहसा सोनेरी रंगात शोधले जाते. वास्तविक मूळ कारण भूमितीचे आहे. सपाट जमिनीवर दोन सेंटिमीटर उंचीच्या वाळूच्या लहरीची सावली सूर्य क्षितिजापासून १० अंशांवर असताना सुमारे ११ सेंटिमीटर लांब पडते. जून महिन्यात ३७ अंश उत्तर अक्षांशावर सूर्य दुपारी सुमारे ७६ अंशांवर असतो. त्या वेळी तीच सावली केवळ अर्धा सेंटिमीटर उरते. लहरी तेथेच असतात, पण चित्रातून त्या नाहीशा होतात.

वाळूच्या टेकडीची वाऱ्याआडची बाजू साधारण ३३-३४ अंशांच्या उतारावर स्थिरावते, कारण कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकत नाही. टेकडीच्या पलीकडे असलेला सूर्य या कोनाच्या खाली उतरला की ती संपूर्ण बाजू एकदम सावलीत जाते आणि माथ्याची रेषा धारदार उमटते. डेथ व्हॅलीतील मेस्किट फ्लॅट येथील टेकड्यांच्या चित्रांत दिसणारी नागमोडी रेषा अशीच निर्माण होते. वाऱ्याची दिशा व उताराचा कोन समजावून देण्यासाठी अशी चित्रे वर्गात विशेष उपयुक्त ठरतात.

पायापाशी असलेल्या लहरींपासून क्षितिजावरील पर्वतापर्यंत सर्व काही सुस्पष्ट हवे असेल तर केंद्रीकरणाचे अंतर मोजून ठरवावे लागते. ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या संवेदकावर २४ मिमीचे भिंग एफ/११ वर ठेवून सुमारे १.८ मीटरवर केंद्रित केले, तर ०.९ मीटरपासून अनंतापर्यंतचा भाग स्वीकारार्ह सुस्पष्टतेत येतो. छिद्र एफ/२२ पर्यंत लहान केल्यास ही व्याप्ती वाढते खरी, पण विवर्तनामुळे संपूर्ण चित्र किंचित मऊ पडते. भर दुपारी लांब भिंगाने दूरचे दृश्य घेताना तापलेल्या हवेच्या थरथरीमुळे जी अस्पष्टता येते, ती कोणत्याही छिद्राने दूर होत नाही.

४. अरुंद घळी व परावर्तित प्रकाश

स्लॉट कॅन्यन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अरुंद घळींत वरील नियम जवळजवळ उलटे होतात. ॲरिझोनातील पेज या गावाजवळची अँटिलोप घळ पुराच्या पाण्याने नवाहो वालुकाश्मात कोरली आहे. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की तळापर्यंत थेट ऊन क्वचितच पोहोचते. येथे सकाळ-सायंकाळपेक्षा दुपारचा प्रहर उपयुक्त ठरतो. ऊन वरच्या भिंतीवर पडते, तेथून समोरच्या भिंतीवर आणि पुन्हा खाली परावर्तित होते. खडकातील लोहाची ऑक्साइडे निळा प्रकाश अधिक शोषतात. परिणामी प्रत्येक परावर्तनागणिक प्रकाश अधिक तांबूस होत जातो. ज्या कोपऱ्यात केवळ आकाशाचा प्रकाश पोहोचतो, तेथे निळी-जांभळी झाक दिसते. एकाच भिंतीवर नारिंगी व जांभळा हे दोन्ही रंग असण्याचे कारण हे आहे.

कॅमेऱ्यातील स्वयंचलित रंगसमतोल ही तफावत दोष समजून पुसून टाकतो. म्हणून तो ५,२०० ते ५,५०० केल्विनच्या दरम्यान, म्हणजे दिवसाच्या प्रकाशावर स्थिर ठेवणे आणि चित्र 'रॉ' स्वरूपात साठविणे इष्ट असते. चौकटीत आकाशाचा तुकडा येऊ दिल्यास तो पूर्ण जळतो, त्यामुळे तो वगळावा लागतो. तिपाई वापरता येत असेल तेथे आयएसओ १०० व एफ/११ ठेवून कित्येक सेकंदांचे एक्स्पोजर देता येते. तिपाईला मनाई असलेल्या ठिकाणी आयएसओ वाढवून काम भागवावे लागते. वरून सतत झिरपणाऱ्या वाळूमुळे घळीच्या आत भिंग बदलणे टाळणेच योग्य.

अँटिलोप घळीत मोठ्या प्रमाणावर चित्रित होणारी उन्हाची तिरीप वसंतापासून शरदाच्या आरंभापर्यंत, सूर्य उंच असतानाच उतरते. हवेत धूळ असेल तरच ती डोळ्यांना दिसते आणि ती ठळक व्हावी म्हणून पुष्कळदा मूठभर वाळू मुद्दाम उधळली जाते. चित्र सुंदर होते, परंतु त्यातील 'नैसर्गिक' क्षण काही अंशी घडविलेला असतो.

या परावर्तित प्रकाशाचा ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाचा वापर एलियट पोर्टर यांनी केला. १९६० पासून त्यांनी कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यनमध्ये मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने रंगीत चित्रे घेतली. त्यांत भव्य देखाव्यांपेक्षा सावलीतील भिंती, ओल्या खडकावरील डाग आणि पाण्यातील प्रतिबिंबे अधिक आहेत. १९६३ मध्ये सिएरा क्लबने ही चित्रे 'द प्लेस नो वन न्यू' या पुस्तकात प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ती घळ लेक पॉवेल जलाशयाखाली जाऊ लागली. ग्रँड कॅन्यनमध्ये प्रस्तावित असलेल्या धरणांना पुढे जो विरोध झाला, त्याला या अनुभवाची पार्श्वभूमी होती. ते प्रस्ताव १९६८ च्या कायद्यात वगळण्यात आले. २०२३ च्या आरंभी जलाशयाची पातळी भरणीनंतरच्या तोपर्यंतच्या नीचांकावर आली आणि बाजूच्या कित्येक घळी पुन्हा उघड्या पडल्या. धरणापूर्वीची छायाचित्रे अशा वेळी तुलनेचा आधार पुरवितात.

५. अंतर, धूसरता आणि आकारमान

ग्रँड कॅन्यन सुमारे ४४६ किलोमीटर लांब व दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. अशा दृश्यात डोळ्याला खोली जाणवते ती प्रामुख्याने हवेमुळे. दूरच्या थरावरून येणारा प्रकाश हवेत विखुरतो व तो थर फिका, निळसर दिसतो. सूर्य कलता असताना एकामागून एक कडे वेगळे होतात आणि दुपारी ते एकाच पातळीवर आल्यासारखे दिसतात. ध्रुवक फिल्टर ही धूसरता काही प्रमाणात कमी करतो. सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला त्याचा परिणाम सर्वाधिक असल्याने रुंद भिंगाने घेतलेल्या चित्रात आकाशाचा एक पट्टा विजोड गडद होतो.

धूसरता नेहमीच दोष नसते. ती मोजता येणारी वस्तुस्थितीही असते. ग्रँड कॅन्यनमधील दृश्यमानता घटण्यास पेजजवळील नवाहो जनरेटिंग स्टेशन या कोळशावरील वीजकेंद्राचे उत्सर्जन कारणीभूत असल्याचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत होता. १९९१ मध्ये त्याच्या गंधक डायऑक्साइड उत्सर्जनावर निर्बंध आले आणि २०१९ मध्ये ते केंद्र बंद झाले. आज संगणकावर एक सरकपट्टी हलवून चित्रातील धूसरता पुसता येते. सजावटीच्या चित्रात त्याने काही बिघडत नाही. हवेच्या स्थितीचा दाखला म्हणून ते चित्र वापरावयाचे असेल, तर मात्र त्यातील नेमका पुरावाच नष्ट झालेला असतो.

उजाड प्रदेशात आकारमानाचा अंदाज येत नाही, ही आणखी एक अडचण. दहा मीटरचा खडक व शंभर मीटरचा कडा चित्रात सारखेच दिसू शकतात. ओसलिव्हन यांनी १८७१ मध्ये ब्लॅक कॅन्यनमध्ये नदीकाठी उभी असलेली होडी चौकटीत ठेवून ही अडचण सोडविली. माणूस, होडी किंवा परिचित झुडूप यांचा असा समावेश आजही तितकाच परिणामकारक आहे.

६. कॅमेऱ्याचे स्थान आणि पुनर्छायाचित्रण

चित्रातील वस्तूंची परस्पर मांडणी भिंगावर अवलंबून नसते. ती कॅमेरा कोठे ठेवला यावर ठरते. भिंगामुळे केवळ किती भाग दिसावा हे बदलते. याच तत्त्वावर पुनर्छायाचित्रण उभे आहे. जुन्या चित्रातील जवळचा एक व दूरचा एक असे बिंदू निवडून ते पुन्हा त्याच प्रमाणात जुळेपर्यंत कॅमेरा सरकविला जातो. सावल्या जुळण्यासाठी ऋतू व वेळही तीच राखतात.

मार्क क्लेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात 'रीफोटोग्राफिक सर्व्हे प्रोजेक्ट'द्वारे एकोणिसाव्या शतकातील शंभराहून अधिक स्थळे अशा रीतीने पुन्हा टिपली. त्यात एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. ओसलिव्हन यांनी १८६९ मध्ये युटातील वेबर खोऱ्यात घेतलेल्या खडकांच्या चित्रात कॅमेरा लक्षणीय तिरका धरला होता. रिक डिंगस यांनी त्याच जागेवरून १९७८ मध्ये घेतलेल्या चित्रात क्षितिज सरळ आले आणि खडकांचा नाट्यमय कल निवळला. भूगर्भाचा सरकारी दाखला मानले गेलेले चित्र कॅमेऱ्याच्या कलाने बदलले होते.

याच्या उलट उदाहरण ग्रँड कॅन्यनमधील आहे. १८८९-९० मध्ये रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन यांच्या नेतृत्वाखाली नदीकाठाने रेल्वे नेता येईल का, याचे सर्वेक्षण झाले. तुकडीचे छायाचित्रकार फ्रँकलिन निम्स १ जानेवारी १८९० रोजी कड्यावरून पडून जायबंदी झाले. त्यानंतर छायाचित्रणाचा अनुभव नसलेल्या स्टँटन या अभियंत्यानेच ते काम नेटाने पुढे चालविले. रेल्वे कधीच झाली नाही. शंभर वर्षांनी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे रॉबर्ट वेब यांनी त्याच जागा शोधून चित्रे पुन्हा घेतली. शतकभर जगलेली वाळवंटी झुडपे, धरणानंतर आक्रसलेले वाळूचे किनारे आणि काठावर वाढलेली वनस्पती यांचा वेध त्यांतून घेता आला. स्टँटन यांची चित्रे कलाकृती म्हणून गणली गेली नाहीत. ठरावीक पद्धत व स्थानांची नोंद यांमुळे ती विज्ञानाला उपयोगी पडली.

७. सुरक्षितता व भूमीविषयीची जबाबदारी

१२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या अँटिलोप घळीत अचानक आलेल्या पुरात अकरा पर्यटक मृत्युमुखी पडले. पाऊस घळीपासून दूर, वरच्या पाणलोटात पडला होता. म्हणून जुलै ते सप्टेंबर या पावसाळी हंगामात डोक्यावरच्या आकाशापेक्षा संपूर्ण पाणलोटाच्या हवामानाची माहिती घेणे अत्यावश्यक आहे. ही घळ नवाहो राष्ट्राच्या भूमीवर असून तेथे अधिकृत मार्गदर्शकाविना प्रवेश मिळत नाही. नवाहो लोकांसाठी ती केवळ देखावा नाही, हे बाहेरून येणाऱ्याने ध्यानात ठेवावयास हवे.

कोलोरॅडो पठारावरील काळपट, खडबडीत मातीचा थर सूक्ष्मजीव, शेवाळ व दगडफूल यांनी बनलेला असतो. तो मातीची धूप रोखतो. एका पावलाने तो मोडतो आणि भरून यायला वर्षे, कधी दशकेही लागतात. चांगल्या कोनासाठी वाट सोडणाऱ्या छायाचित्रकाराने ही किंमत जाणली पाहिजे. २००० साली युटातील डेलिकेट आर्च या नैसर्गिक कमानीखाली रात्रीच्या चित्रणासाठी आग पेटविल्याने खडकावर डाग पडले व त्या प्रकरणी न्यायालयीन कारवाई झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडविण्यास २०१४ पासून मनाई आहे.

समारोप

वाळवंट व घळींच्या छायाचित्रणातील तंत्रे भिन्न दिसत असली, तरी त्या सर्वांचे मूळ एकाच अडचणीत आहे. प्रकाश माध्यमाच्या क्षमतेहून मोठा असतो आणि निवड अटळ असते. कलोडियनने आकाश सोडले, लाल फिल्टरने ते काळे केले, तिरक्या कॅमेऱ्याने खडक कलविला आणि संगणकाने धूसरता पुसली. यांतील प्रत्येक निवड कलेच्या दृष्टीने समर्थनीय असू शकते. ती अनामिक राहिली की मात्र चित्रावरून काढलेले निष्कर्ष डळमळीत होतात.

त्यामुळे अध्यापन व संशोधनासाठी भूदृश्याची छायाचित्रे घेताना किंवा वापरताना कॅमेऱ्याचे स्थान, दिनांक व वेळ, भिंग, फिल्टर, रंगसमतोल आणि नंतरचे संस्करण यांची नोंद चित्राबरोबर जतन करावी. क्षेत्रभेटीत विद्यार्थ्यांकडून एकाच जागेचे चित्र दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच ठिकाणाहून घेववावे. याला महागडी साधने लागत नाहीत. स्टँटन यांच्याजवळ छायाचित्रणाचे कौशल्य नव्हते, तरी पुढच्या शतकातील अभ्यासकाला नेमक्या त्याच खडकावर जाऊन उभे राहता आले, ते त्यांच्या नेटक्या पद्धतीमुळे.